किती आणि कोण कोण

सुरतेच्या माणसाला समुद्र म्हटलं की डुमस आठवतं, नाहीतर सुवाली. ओहोटीला तिथे पाणी गाठायलाच चिखलातून बरंच चालावं लागतं, आणि गाठलेलं पाणी इतकं गढूळ असतं की गुडघाभर पाण्यात आपलंच पाऊल दिसत नाही. लक्षद्वीप पाहून आलेले लोक या पाण्याला सरळ 'मेलेलं' म्हणून टाकतात. मला ते ऐकवत नाही. तापीच्या मुखाशी बारीक जाळं पाच मिनिटं ओढलं तरी त्याच्या टोकाला बांधलेल्या बाटलीत वळवळ दिसते: कोपेपॉड, कोळंबी-खेकड्यांच्या अळ्या, माशांची अंडी, पारदर्शक किडे. प्रवाहाविरुद्ध पोहण्याची ताकद नसलेले, पाणी नेईल तिकडे जाणारे हे प्राणीप्लवक. खंबातच्या आखातातला जवळा आणि बोंबील, नर्मदेत चढणारा पाला, या सगळ्यांचं पोट थेट किंवा एखादी पायरी सोडून यांच्यावर चालतं.

या जिवांवरून आमच्या घरात एक वाद बरेच दिवस चालू आहे. माझा मधला भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, किनारी पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. हजिरा, मगदल्ला, डुमस या पट्ट्यातले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणं आणि मोजणं हे त्याचं काम. थोरल्या भावाची बायको, आमची वहिनी, पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीची. तिच्या वडिलांची डोल जाळ्याची होडी होती. ती स्वतः इथल्या महापालिकेच्या मराठी शाळेत विज्ञान आणि गणित शिकवते. दोघांनाही या पाण्याची काळजी आहे, पण ते ओळखायचं कसं यावर त्यांचं एकमत होत नाही. त्यांचं बोलणं मी इथे मांडते आहे. मध्ये माझंही मत येईल, कारण हा वाद आमच्या घरापुरता नाही.

वहिनी : भाऊजी, तुमच्या अहवालात नावांचा एक लांबलचक तक्ता असतो आणि शेवटी एक आकडा असतो, विविधता इतकी इतकी. मासेमारी करणाऱ्याला त्यातून काय कळतं? बाबा जाळ्याच्या टोकाची पिशवी, म्हणजे खोला, होडीत रिकामा केला की सांगायचे, यंदा जवळा कसा आहे. त्यावरून बोंबील कसा येईल याचा अंदाज. जवळा किती, एवढाच प्रश्न. त्याच्याबरोबर आणखी कोण कोण आलं, हे किनाऱ्यावर कुणी विचारत नाही.

दादा : किनाऱ्यावर विचारत नाहीत, कारण डोल जाळ्याने आधीच निवड केलेली असते. जवळा जाळ्यात राहतो. जवळा जे खातो ते पाण्याबरोबर निघून जातं. माझ्या जाळ्याचं भोक २०० मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग. त्यात जे उरतं त्यात 'किती' एवढंच मोजलं तर माणूस फसतो, वहिनी.

वहिनी : कसा फसतो?

दादा : कधीकधी जाळं वर येतं तेव्हा बाटली गच्च भरलेली असते. खलाशी खूश होतात. जवळ घेऊन पाहिलं तर सगळे टेनोफोर, द्राक्षाएवढे पारदर्शक जेली-जीव. अंगात जवळजवळ सगळं पाणीच. आकारमान मोजलं तर नेहमीच्या कितीतरी पट भरतं, पण कोपेपॉड जवळपास नाहीत, कारण ते या टेनोफोरनी खाल्लेले असतात. तुमचा 'किती' सांगतो की माशांचं अन्न वाढलं. प्रत्यक्षात ते अन्न फस्त करणारे वाढलेले असतात. आणि फॉर्मालिन घालून प्रयोगशाळेत आणेपर्यंत त्यांतले कित्येक विरून जातात, म्हणून बोटीवरच डोळ्यांनी पाहून वहीत नोंद करावी लागते.

वहिनी : मग जेली काढून टाका आणि बाकीचं मोजा. आमच्याकडेही खोल्यात जेलीफिश येतात, बायका हातानं वेचून फेकतात.

दादा : फेकायला आधी ओळखावी लागते ना? नावाचं काम तिथूनच सुरू होतं.

वहिनी : जेली ओळखणं वेगळं. तुम्ही ज्या कोपेपॉडची वेगवेगळी नावं लिहिता, ते माझ्या डोळ्याला सगळे सारखेच दिसतात. माशाच्या पिल्लालाही सारखेच दिसत असतील.

दादा : नाही. अकार्शिया आणि ओइथोना एकाच थेंबात असतात, पण माशाच्या पिल्लासाठी ते एक नाहीत. ओइथोना इवलासा, बराच वेळ पाण्यात स्तब्ध राहणारा, मादी अंड्यांच्या दोन पिशव्या अंगाला लावूनच फिरते. अकार्शिया त्याहून मोठा, अंडी पाण्यात सोडून देतो. अकार्शियाच्या काही जातींची अंडी दिवस वाईट आले तर तळाच्या चिखलात झोपून राहतात आणि पाणी पुन्हा मानवलं की फुटतात. आता बंदरासाठी तळ उपसला तर यातल्या कोणाचं पुढच्या हंगामाचं बियाणं गेलं? एकूण वजन याचं उत्तर देत नाही. रिंग रोडच्या कापड मार्केटात नुसते मीटर मोजून माल कोण घेतो?

वहिनी यावर गप्प बसली नाही, पण तिचं उत्तर सांगण्याआधी एका रविवारबद्दल लिहायला हवं. दादाने भरतीच्या पाण्यातला जिवंत नमुना बरणीत आणला होता आणि वहिनीने शाळेतला सूक्ष्मदर्शक. मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. अकार्शियाचं लांबट शरीर मिलिमीटरभराचं, आरपार दिसणारं, आणि त्याच्या पुढच्या टोकाला एकच तांबडा ठिपका, तो डोळा. दोन लांब शृंगिका आडव्या पसरलेल्या, त्यांवर विरळ केस. तो सावकाश खाली जात होता आणि एकदम उडी मारून नजरेबाहेर जात होता. खेकड्याची अळी होती, तिच्या डोक्यावर आणि पाठीवर तिच्या अंगाच्या मानाने भलतेच लांब काटे. आणि एक बाणकिडा होता, ताठ, न हलणारा, इतका पारदर्शक की त्याच्या आतड्यात गिळलेला कोपेपॉड अख्खा दिसत होता, तांबड्या डोळ्यासकट. वहिनी बराच वेळ भिंगाला डोळा लावून होती. दादा म्हणाला, "वजन केलं असतं तर खाणारा आणि खाल्लेला एकाच आकड्यात गेले असते." वहिनी म्हणाली, "मान्य. पण दोघंही बोंबलाच्या पोटातच जाणार."

वहिनी : बरं, मला हे सांगा. तुमच्याच शास्त्रज्ञांनी आधी काय मोजलं? हिंद महासागराची ती मोठी मोहीम झाली होती ना?

दादा : आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहीम, १९६० ते १९६५ च्या सुमाराची. कितीतरी देशांची चाळिसावर जहाजं. त्याआधी या समुद्रातल्या कोपेपॉडची बरीचशी ओळख होती ती सेमूर सेवेल यांच्यामुळे. ते आपल्या प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक होते आणि १९३३-३४ मध्ये 'मबाहिस' या इजिप्शियन जहाजावरून त्यांनी अरबी समुद्राची मोहीम केली. पण सेवेल यांच्या काळात प्रत्येकाचं जाळं वेगळं, म्हणून आकड्यांची तुलना होईना. साठच्या दशकातल्या मोहिमेने सगळ्यांना एकच जाळं ठरवून दिलं: तोंड एक चौरस मीटरचं, भोक ३३० मायक्रॉनचं, २०० मीटर खोलीवरून सरळ वर ओढायचं. नमुने कोचीला आले, तिथे त्यासाठी खास केंद्र उघडलं. पुढे १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि ते केंद्र तिच्यात गेलं.

वहिनी : आणि पहिला नकाशासंग्रह कशाचा छापला?

दादा : एकूण प्राणीप्लवकाच्या प्रमाणाचा. १९६८ मध्ये.

वहिनी : झालं तर. आधी 'किती'.

दादा : आधी 'किती', कारण ते लवकर होतं. एकेक गट वेगळा करून जाती ओळखण्यात पुढची कित्येक वर्षं गेली. त्या नकाशांनी मोठी गोष्ट सांगितली हे मी नाकारत नाही. सोमालियाचा किनारा, ओमानचा किनारा, आपला केरळकडचा किनारा, जिथे पावसाळी वाऱ्यामुळे खालचं थंड, पोषक पाणी वर येतं तिथे प्लवक भरपूर. मधला समुद्र विरळ. पण वहिनी, अशाच आकड्यांतून पुढे एक कोडं निघालं आणि ते 'किती'ला सुटलं नाही. उत्तर अरबी समुद्रात, म्हणजे आपल्या गुजरातच्या बाहेरच्या खुल्या समुद्रात, हिवाळ्यात कोरडे थंड वारे वाहतात. वरचं पाणी गार होतं, बाष्पीभवनाने खारट आणि जड होतं, खाली बसतं आणि खालची पोषकद्रव्यं वर येतात. वनस्पतीप्लवक वाढतं. गोव्यातल्या याच समुद्रविज्ञान संस्थेतल्या एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी हे १९९६ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं. आता चारा एका ऋतूत भरपूर आणि दुसऱ्या ऋतूत तुटपुंजा असेल, तर चरणारेही कमीजास्त व्हायला हवेत. पण वरच्या थरातलं प्राणीप्लवक वर्षभर जवळजवळ तेवढंच भरत होतं.

वहिनी : मग दुष्काळात खात काय होते?

दादा : तिथेच 'कोण' आलं. उन्हाळ्यात मोठ्या वनस्पतीप्लवकाऐवजी जीवाणू आणि अतिसूक्ष्म पेशी असतात. त्यांना खाणारे एकपेशीय जीव असतात, आणि कोपेपॉड त्यांना खातात. साखळी बदलते, बेरीज तीच राहते. बेरजेकडे पाहणाऱ्याला वाटतं, समुद्रात काहीच घडलं नाही.

अलीकडची गोष्ट याहून चिंतेची आहे आणि ती दादाने सांगितली तेव्हा वहिनीनेही वाद घातला नाही. त्याच उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात आता हिरव्या नॉक्टिल्युकाची दाट चादर पसरते. हा मिलिमीटरभराचा एकपेशीय जीव पोटात हिरवं शैवाल पाळतो आणि शिवाय शिकारही करतो. मूळच्या गोव्याच्या हेल्गा गोम्स, जोआकिम गोस आणि सहकाऱ्यांनी २०१४ च्या शोधनिबंधात या उद्रेकांचा संबंध समुद्रातलं प्राणवायू कमी असलेलं पाणी वरच्या थरात येण्याशी जोडला. कोपेपॉडना हा घास फारसा चालत नाही, साल्पसारख्या जेली-जीवांना चालतो. म्हणजे पाणी हिरवं, उपग्रहाला भरपूर पीक दिसतं, आणि माशांपर्यंत जाणारी वाट मात्र बदललेली. माझ्या मते दादाची बाजू इथे सगळ्यात भक्कम आहे.

पण वहिनीचा मुद्दा आमच्या दारातल्या पाण्याचा होता, आणि तिथे तिने दादाला चांगलंच अडवलं.

वहिनी : तो खुला समुद्र झाला. तापीच्या मुखाचं बोला. तुमचा तो विविधतेचा निर्देशांक, शॅननचा, मी मुलांसारखा सोडवून पाहिला. शंभर जीव घ्या, दहा जातींचे. प्रत्येकी दहा असतील तर उत्तर २.३ येतं. एकाच जातीचे ९१ आणि बाकी नऊ जातींचा एकेक असेल तर ०.५. जाती तेवढ्याच, जीव तेवढेच, गुण पाचवा हिस्सा. आता तापीच्या मुखाशी यातलं दुसरं चित्र असणार. बरोबर?

दादा : बरोबर. इथे भरतीला समुद्राचं खारं पाणी, ओहोटीला नदीचं. पावसाळ्यात उकाई धरणाचे दरवाजे उघडले की गोड्या पाण्याचा लोंढा, उन्हाळ्यात सगळं खारं. शिवाय गाळ इतका की उजेड खाली पोचत नाही. भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या वर जातो, इथे त्याहून कमी, तरी पाणी सतत घुसळलं जातं. हे सगळं सोसणाऱ्या जाती मोजक्या. पण ज्या सोसतात त्यांना स्पर्धक नाही, आणि नदीने आणलेला कुजका पालापाचोळा, त्यावरचे जीवाणू, असं खाणं भरपूर. म्हणून थोड्या जाती आणि अफाट संख्या. लक्षद्वीपकडे गेलात तर उलट. उष्ण कटिबंधातल्या निळ्या पाण्यात जाती खूप, आणि प्रत्येकीचे जीव विरळ. जगात समुद्री प्लवकातल्या कोपेपॉडच्या अडीच हजारांच्या आसपास जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक तुम्हाला गढूळ खाडीत भेटणार नाहीत.

वहिनी : म्हणजे एकही कारखाना नसता तरी इथला आकडा कमीच आला असता.

दादा : हो.

वहिनी : मग ज्याला हे ठाऊक नाही तो म्हणेल, विविधता कमी आहे, पाणी खराब आहे, आता आणखी काय बिघडणार, बांधा काय बांधायचं ते. आणि ज्याला ठाऊक आहे तो म्हणेल, इथे आकडा कमीच असतो, आमच्या सांडपाण्याचा काय दोष? दोन्हीकडून पाण्यालाच शिक्षा. भाऊजी, तुमची नावं खरी असतील, पण त्यांचा एक आकडा करून तुम्ही ती कुणाच्याही हातात देता.

मला वहिनीचं हे म्हणणं पूर्ण पटतं. नैसर्गिकरीत्या कमी असलेली विविधता आणि माणसाने कमी केलेली विविधता कागदावर सारखीच दिसते. ती वेगळी करायची तर त्याच जागेचा जुना हिशोब हवा, आणि तो जातवार हवा. अनेक तक्त्यांत सगळे कोपेपॉड एका ओळीत असतात, सगळ्या अळ्या दुसऱ्या ओळीत. अशा पाच-सहा ओळींवरून काढलेल्या निर्देशांकाला विविधता म्हणणं मला सरळ चुकीचं वाटतं. दादाने याचा प्रतिवाद केला नाही. त्याने वेगळी बाजू घेतली.

दादा : आकडा सोडून द्या, नावांची यादी तरी ठेवा. हजिऱ्याला जगभरातून जहाजं येतात. रिकामं जहाज तोल सांभाळायला टाक्यांत समुद्राचं पाणी भरून घेतं आणि दुसऱ्या बंदरात सोडतं. त्या पाण्यातून काय जाऊ शकतं याचं उदाहरण काळ्या समुद्राचं आहे. अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा निमिऑप्सिस नावाचा टेनोफोर १९८० च्या दशकात असाच तिकडे पोचला. काही वर्षांत त्याने प्राणीप्लवक आणि माशांची अंडी-अळ्या खाऊन टाकल्या, आणि आधीच जास्त मासेमारीने खचलेला अँकोव्हीचा धंदा बसला. पुढे त्यालाच खाणारा दुसरा टेनोफोर, बेरोई, तिथे आला तेव्हा कुठे पाणी सावरलं. जहाजांच्या या पाण्यासाठी २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो २०१७ मध्ये अमलात आला. पण आपल्याकडे आधी कोण होतं याची यादीच नसेल तर नवा पाहुणा ओळखणार कोण? वजनकाटा?

वहिनी : यादी ठेवा की. माझी ना नाही. पण यादीवर तारीख लिहिता, जागेचे अक्षांश-रेखांश लिहिता. भरती कोणती होती, ते लिहिता?

दादा : वेळ लिहितो. भरती की ओहोटी तेही लिहितो.

वहिनी : उधाण की भांग?

इथे दादा थांबला. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याचा जोर वेगळा, अष्टमीच्या भांगाला वेगळा, हे सातपाटीत लहान पोरालाही सांगावं लागत नाही. डोल जाळं खुंटांना बांधलेलं असतं, तोंड प्रवाहाकडे. ते पाण्यामागे जात नाही, पाणी त्याच्यातून जातं. म्हणून डोलकराचं पंचांगच भरतीचं.

वहिनी : बाबा कधी म्हणायचे नाहीत की जवळा अमुक जागी आहे. ते म्हणायचे, जवळा अमुक तिथीच्या पाण्याला आहे. तुम्ही एका दिवशी, एका वेळेला, बोट मिळाली तेव्हा जाऊन बाटली भरता आणि नकाशावर ठिपका देता. त्या ठिपक्यावरचं पाणी सहा तासांनी कुठे असतं?

दादा : कित्येक किलोमीटर पलीकडे.

वहिनी : मग तो ठिपका डुमसचा कसा?

दादा : हे खरं आहे. आणि तुम्ही म्हणता त्याहून गुंतागुंतीचं आहे. हे जीव वाहतात, पण अगदीच लाचार नाहीत. खाडीतले काही कोपेपॉड आणि खेकड्यांच्या अळ्या भरतीला वर येतात आणि ओहोटीला तळाशी जातात, कारण तळाशी प्रवाह मंद असतो. एवढ्या साध्या युक्तीने ते समुद्रात फेकले जात नाहीत. काही अळ्या उलटंही करतात, त्यांना बाहेर जायचं असतं. खुल्या समुद्रात तर रोजची ये-जा असते, रात्री वर चरायला, दिवसा खोल अंधारात. अरबी समुद्रात दीडशे मीटरखाली हजार मीटरपर्यंत प्राणवायू जेमतेम असतो, तरी प्लुरोमामा इंडिकासारखा कोपेपॉड दिवसा तिथे उतरून बसतो, कारण त्याच्यामागे येणाऱ्या बऱ्याच माशांना तिथे दम धरवत नाही. म्हणजे दिवसा घेतलेल्या वरच्या पाण्याच्या नमुन्यात तो नसेलच, आणि मी लिहिणार 'आढळला नाही'.

वहिनी : आणि वाचणारा समजणार, नाहीसा झाला.

या बोलण्यातून मला जे कळलं ते सांगते. सुरतेच्या पाण्यात प्राणीप्लवकाचं वितरण दाखवायला जमिनीसारखा नकाशा पुरत नाही. त्याला भरतीचं वेळापत्रक जोडावं लागतं, आणि नदीचंही. तापी मुलताईला उगम पावून आमच्या भुसावळवरून, खानदेशातून ७२४ किलोमीटर वाहत इथे येते. १९७२ मध्ये उकाई पूर्ण झालं, शहरात सिंगणपूरचा बंधारा झाला, आणि मुखाशी कोणत्या महिन्यात किती गोडं पाणी पोचतं हे आता पाऊस एकटा ठरवत नाही, माणूसही ठरवतो. तिथल्या आमच्या नातेवाइकांना भुसावळच्या पाण्याचा आणि डुमसच्या जवळ्याचा संबंध सांगितला तर आश्चर्य वाटतं. संबंध थेट आहे. गोड्या पाण्याचा लोंढा कधी आला आणि किती टिकला यावर मुखाशी कोण तग धरेल हे ठरतं.

वहिनी : आता शेवटचं. असेटिस इंडिकस, आमचा जवळा, तुमच्या तक्त्यात किती असतो?

दादा : थोडा. अळ्या मिळतात, मोठा जवळा क्वचित.

वहिनी : खंबातच्या आखातात जवळा क्वचित? माझ्या माहेरच्या अंगणात सुकायला घातलेला जवळा तुम्ही पाहिला आहे.

दादा : माझ्या जाळ्याचं तोंड लहान. मोठा जवळा ते टाळून निघून जातो. तो प्लवक आणि पोहणारा जीव यांच्या मधला आहे. प्लवकवाले म्हणतात तो मासेमारीच्या आकडेवारीत असेल. मासेमारीची आकडेवारी तो बंदरावर उतरलेल्या मालात मोजते, म्हणजे जेवढा पकडला तेवढाच. पाण्यात किती होता ते दोन्हीकडे नाही.

वहिनी : म्हणजे ज्याच्यावर बोंबील जगतो तोच हिशोबाबाहेर. बोंबील आपल्याकडे सौराष्ट्रापासून रत्नागिरीपर्यंत, खाली दक्षिणेला विरळ होत जातो, आणि मग थेट पूर्व किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, बंगालकडे पुन्हा भरपूर. जिथे गढूळ पाणी आणि जवळा, तिथे बोंबील. तुम्ही जिला कमी विविधता म्हणता, त्या पाण्यावर आमची गावं उभी आहेत.

वाद इथे तापला, कारण विषय डहाणूजवळच्या वाढवण बंदरावर आला. ३० ऑगस्ट २०२४ ला त्याची पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टरचा भराव आणि १० किलोमीटरच्या वर लाटारोधक भिंत, असा तो प्रकल्प आहे. त्या पट्ट्यातल्या मच्छीमारांचा विरोध जुना आहे. बंदर व्हावं की नाही यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. पण एवढी भिंत उभी राहिली की प्रवाह बदलणार, गाळ बसण्याच्या जागा बदलणार, आणि प्रवाहावर जगणाऱ्या जिवांचं वेळापत्रकही बदलू शकतं, यावर दोघांचं एकमत आहे. आणि मला वाटतं, आधीची नोंद घ्यायची तर ती आताच घ्यायला हवी, उधाणाला आणि भांगाला, दिवसा आणि रात्री, नावानिशी.

दादा : रात्रीच्या बोटीचा खर्च कोण देतो, वहिनी? एका ऋतूत एक फेरी मंजूर होते.

वहिनी : माझा भाऊ दर उधाणाला समुद्रात जातोच. डोल जाळ्याशेजारी तुमचं बारीक जाळं बांधेल. बाटली, फॉर्मालिन आणि छापील चिठ्ठ्या द्या. तिथी तो बरोबर लिहील.

दादा : नुसतं बांधून चालणार नाही. तोंडाशी प्रवाहमापक लागेल, नाहीतर किती पाणी गाळलं ते कळणार नाही. आणि या गाळात जाळं पाच मिनिटांत बुजतं. वेळ पाळावी लागेल.

वहिनी : शिकवा त्याला. आणि खोल्यातला जवळा तो त्याच वेळी मोजून देईल. तुमची नावं आणि आमचं वजन, एकाच पाण्याचं.

दादा : ते वेगळ्या तक्त्यात जाईल. दोन जाळी, दोन पद्धती, एका बेरजेत घेता येणार नाहीत.

वहिनी : बेरीज कोण मागतंय? तोवर तुमच्या अहवालात एवढं लिहा, की हे जाळं मोठा जवळा पकडत नाही.

दादा : लिहितो. तक्त्याखाली तळटीप देतो.

वहिनी : तळटीप कुणी वाचत नाही, भाऊजी. पहिल्या पानावर लिहा.